घारेबाईंचा उकिरडा

घारेबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या हळदीकुंकवाला, आणि आल्या आल्या त्यांनी माझी अब्रू चव्हाट्यावर मांडली.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधलं आमचं दोन बेडरूमचं अपार्टमेंट, त्यात चौदा बायका. मी नागपूरची. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की घर असं आवरतात की जणू मुलगी बघायलाच येणार आहेत. डायनिंग टेबलावर नवा रनर, मधे फुलं, खुर्च्या एका ओळीत. बाकीच्या बायका आत येऊन एकमेकींच्या साड्यांना हात लावून बघू लागल्या. घारेबाई मात्र चपला काढून दारातच उभ्या, मान खाली. मला वाटलं, कानातलं वगैरे पडलं असेल.

"टेबलावर तुम्ही जेवत नाही," त्या म्हणाल्या. "सोफ्यासमोर जेवता. नवरा डाव्या टोकाला बसतो आणि त्याच्या हातून सांडतं."

चौदाच्या चौदा बायका सोफ्याकडे बघायला लागल्या. मग आमची मृणाल, पुण्याची, हिला अशा वेळी तोंड आवरत नाही, ती म्हणाली, "कढी सांडते. परवाच सांडली होती." झालं, सगळ्या खो खो हसल्या. मला असा राग आला ना! पण त्याहून जास्त कुतूहल.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वाट पडलीय की. किचनपासून सोफ्यापर्यंत कार्पेट दबलंय, डाव्या टोकाला पिवळे डाग आहेत. टेबलाच्या बाजूचं अजून नव्यासारखं आहे. नवा रनर घालून ते लपत नाही." हे त्या टोमणा म्हणून नव्हत्या म्हणत. डॉक्टर जसा जीभ दाखवा म्हणतो, तशा म्हणत होत्या.

निघताना मी कुंकू पुढे केलं तर त्या एक पाऊल मागे सरकल्या. "आमचे हे जाऊन बारा वर्षं झाली. तुला माहीत नसेल."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मग काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि कपाळ पुढे केलं. आमची दोस्ती तिथून.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. पुण्यात उत्खनन शिकल्या आणि लग्न होऊन इकडे आल्या. अमेरिकेत रस्ता किंवा पाइपलाइन टाकायची असली की बऱ्याचदा आधी कुणीतरी जाऊन बघावं लागतं, जमिनीखाली जुनं काही आहे का. ते बघणाऱ्या बाई. तीस वर्षं त्यांनी हे काम केलं. उन्हातान्हात खड्डे घ्यायचे, माती चाळायची आणि बहुतेक वेळा शेवटी लिहायचं, 'इथे जपण्यासारखं काही नाही.' मग बुलडोझर यायचा. एकदा मी विचारलं, कंटाळा नाही आला? तर म्हणाल्या, "खोटं लिहिलं नाही, एवढंच समाधान. पण एकदा तरी 'आहे' असं लिहायला मिळावं, असं वाटतं गं."

वय अडुसष्ट. केस स्वतःच्या हातानं कापलेले, त्यामुळे एक बाजू नेहमी तोकडी. अंगात पुरुषी फुलशर्ट, खिशात दोरा, पेन्सिल आणि आल्याची वडी. गुडघे गेलेले, म्हणून सोबत एक जुनी गोधडी असायची. घडी घालून गुडघ्याखाली घ्यायची आणि चार-चार तास जमिनीशी बोलत बसायचं. हातात करणी, गवंड्याची असते तशीच पण झिजून निम्मी झालेली. मराठी मंडळात कुणी 'काकू' म्हटलं की फटकन म्हणायच्या, "मी कुणाची काकू नाही. बाई म्हणा." म्हणून आम्ही बाई म्हणायचो. शाळा सुटून वीस वर्षं झाल्यावर मला पुन्हा बाई मिळाल्या.

नाही, मिळाल्या नाही, भेटल्या. आमच्याकडे वस्तूसुद्धा 'भेटते'. किल्ली भेटली, पार्किंग भेटलं. मृणाल त्यावरून माझी टिंगल करायची. बाईंनी तिला एकदा झापलं. "बरोबर बोलते ती. जमिनीतली वस्तू मिळत नाही, भेटतेच. आणि आपण नीट वागलो तरच बोलते."

त्यांच्या नोकरीच्या मधल्या काळात चार उन्हाळे बाई स्कॉटलंडजवळच्या एका बेटावर गेल्या होत्या. तिथल्या एका ओस पडलेल्या शेतवाडीचं उत्खनन चालू होतं. बायका माहेरच्या गोष्टी सांगतात तशा बाई त्या बेटाच्या सांगायच्या. दगडी लांबट घर, दार एकच. आत शिरलं की वरच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला गाई, मधे चूल. भिंतीत एवढी रुंदी की वर बसून जेवावं. "आणि दारात उभं राहिलं की उजव्या हाताला उकिरडा," त्या सांगायच्या. "तिथली चार घरं आम्ही उकरली, चारही घरांचा तिथेच. घरातली बाई राख घेऊन दारात येणार, बाहेर वारा हा असा. ती कशाला लांब जाईल? एक पाऊल बाहेर टाकणार, आणि उजवीकडे फेकणार."

मी हे ऐकलं, हसले आणि विसरून गेले. माझ्या डोक्यात एरवी नको ते सगळं राहतं, नेमकं हेच नाही राहिलं.

मग बाईंना मोराग आजींचं पत्र आलं.

आमच्या इथून उत्तरेला, समुद्रात, लहान लहान बेटं आहेत. मोठ्या बेटांना फेरी जाते, बाकीच्यांना बोट करून जावं लागतं. त्यातल्या एका बेटावर दगडी घराचे पडके अवशेष होते. छप्पर गेलेलं, भिंती छातीइतक्या. नवा मालक तिथे सुट्टीत राहायची घरं बांधणार होता. काउंटीच्या जुन्या कागदांत त्या बांधकामाची नोंद होती, 'गुरांचा गोठा'. गोठा असेल तर पाडायला कुणाची हरकत नव्हती. माणसांचं राहतं घर असेल, तर मात्र काउंटी ते जपणार होती.

मोराग आजी शेजारच्या मोठ्या बेटावर वृद्धांच्या घरात राहत होत्या, वय सत्त्याऐंशी. त्यांच्या पणजोबांनी स्कॉटलंडच्या बेटावरून येऊन ते घर बांधलं होतं. त्यांची आजी तिथेच जन्मली. याचा कागद एकही नव्हता. त्या लोकांना सांगायच्या आणि लोक हसायचे, म्हणजे तुमची आजी गोठ्यात जन्मली म्हणा की. पत्रात त्यांनी एवढंच लिहिलं होतं: माझी आजी घरात जन्मली, हे मी मरायच्या आधी कुणीतरी लिहून द्या.

बाईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवलं. "चल," म्हणाल्या. "माणसं लागतील."

माणसं म्हणजे आम्ही तिघं. मी, माझा नवरा अतुल, जो आठवडाभर कॉम्प्युटरच्या क्लाउडमध्ये असतो आणि शनिवारी कुठे जायचं म्हटलं की त्याची पाठ दुखते, आणि मृणाल. परवानगी होती चार वीकएंडची आणि खड्डे फक्त दोन. तिसरा काढायचा नाही, मालकाची सक्त ताकीद. त्यानंतर सुनावणी.

पहिल्या शनिवारी बाईंनी आम्हाला भिंतीसमोर बसवलं आणि तीन तास कशालाही हात लावू दिला नाही. "बघा," एवढंच. अतुल तासाभरात म्हणाला, "यार, हे तर मीटिंगपेक्षा वाईट आहे." दुसऱ्या तासाला त्यालाच दिसलं की जमीन एका बाजूला उतरती आहे आणि खालच्या अंगाला दगडी नाली आहे. लहान मुलासारखा ओरडला. बाईंनी मान हलवली, पण शाबासकी नाही. त्यांचे नियम तीन. आधी बघायचं, मग लिहायचं, मग हात लावायचा. 'जागचं हललं की मेलं,' हे तर त्या दिवसातून दहादा म्हणायच्या. आणि चौथा नियम त्यांचा स्वतःचा, नाव आधी ठेवायचं नाही. चूल सापडेपर्यंत चूल म्हणायचं नाही. एकदा नाव ठेवलं की माणसाला तेच दिसायला लागतं, म्हणून खड्डा एक, खड्डा दोन.

या चौथ्या नियमानंच घात केला. नाही, घात मीच केला. उगाच नियमाला कशाला बोल लावू?

खड्डा एक घराच्या आत, वरच्या अंगाला. दुसऱ्या वीकएंडला तिथे सपाट दगड लागले, त्यावर लाल झालेली माती, वर राखेचे थर. बाई गोधडीवर बसून अर्धा तास थर मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता म्हणा, चूल." मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की किनाऱ्यावरचे पक्षी उडाले.

मालकाचा तज्ज्ञ रविवारी येऊन बघून गेला. सभ्य माणूस होता, पण शब्द मोजून बोलायचा. "नाली आहे, म्हणजे गोठा," तो म्हणाला. "चूल काय, एखाद्या गुराख्यानं एका हिवाळ्यात पेटवली असेल."

तो गेल्यावर मी फणफणले. "काय माणूस आहे! चूल दिसते डोळ्यांनी, तरी नाही म्हणतो!"

"बरोबर बोलला तो," बाई म्हणाल्या. "मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. चूल एका दिवसाचीसुद्धा असते. उकिरडा एका दिवसात होत नाही. वर्षानुवर्षं खाल्लेलं, जाळलेलं, फेकलेलं. तो भेटला तर मोरागची आजी घरात जन्मली. नाही भेटला, तर गोठ्यात."

तिसऱ्या शनिवारी त्यांनी खड्डा दोन घेतला. घराबाहेर, दाराजवळच्या काटेरी झुडपांच्या उंचवट्याच्या कडेला. उकिरडा म्हणाल्या नाहीत, अर्थातच. रविवारी सकाळी फोटो घेऊन त्या बोटीनं मोराग आजींना भेटायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "दोनवर ताडपत्री राहू द्या. आत चुलीपाशी ब्रशनं साफ करा, दुसरं काही नको."

त्या गेल्या आणि वारा सुटला. वारा म्हणजे बाप्पा, बोलायला तोंड उघडलं की श्वास आत ढकलणारा. गॅसची शेगडी पेटेना, मग तिचा डबाच संपला. अतुल थंडीनं निळा पडलेला. मृणाल म्हणाली, "सँडविच खाऊन घेऊ." मी म्हटलं, या थंडीत थंड सँडविच? माझ्यासोबत पोह्यांचा पूर्ण सरंजाम होता. लहानपणी मामाच्या गावी शेतात किती वेळा चूल मांडली आहे मी. भिंतीबाहेर पडलेले तीन दगड, आमच्या नकाशात नसलेले, हे मी नीट बघून घेतलं, एवढी शिस्त होती. घरातच खालच्या अंगाला, नालीपासून दूर, दगड मांडले. अतुलनं वाऱ्याला आडोसा म्हणून दोनवरची ताडपत्री आणून धरली. किनाऱ्यावरचं लाकूड पेटलं. मोहरी तडतडली, जिरं, हिंग, कांदा, पोहे. मृणाल म्हणाली, "असे पोहे मी पुण्यातसुद्धा खाल्ले नाहीत." ती पुण्याची आहे, म्हणजे बघा.

आणि खाऊन झाल्यावर मी ते केलं, जे आमच्या घरातली कुठलीही बाई करेल. चूल उष्टी ठेवायची नाही. पाणी शिंपडून निववली, राख एका ताटलीत भरली, कढई खरवडली, दारात आले आणि उजव्या हाताला झुडपांत राख आणि खरवड फेकून दिली. वरून कढई धुतलेलं पाणी. खड्ड्यात नाही हं टाकलं! एवढी बावळट मी नाही. शेजारच्या उंचवट्यावर टाकलं. दगड परत जागच्या जागी ठेवले, ताडपत्री परत घातली. संध्याकाळी धो धो पाऊस आला. बाई परतल्या तेव्हा सगळं कसं लख्ख होतं. मला उगाच वाटलं होतं, किती नीटनेटकी आहे मी.

पुढच्या वीकएंडला बाईंनी दोन नंबरच्या मातीच्या पिशव्या भरल्या. सुनावणी गुरुवारी होती. सोमवारी त्यांच्या बाल्कनीत आम्ही दोघी ती माती बादलीत कालवत होतो. तांदूळ धुताना कोंडा वर येतो ना, तसे जळके दाणे पाण्यावर येतात. ते बारीक जाळीवर घ्यायचे, वाळवायचे, भिंगाखाली बघायचे. ओट भेटले, सातू भेटला, माशांचे बारीक काटे भेटले. 

"ही बघ," त्या म्हणाल्या. चिमट्यात एक काळी गोल गोळी. "मोहरी."

माझा हात बादलीतच राहिला.

"रानमोहरी. शेतातलं तण. तिकडच्या बेटावर सातूच्या शेतात हेच भेटलं होतं आम्हाला. म्हणजे धान्य यांनी विकत नाही आणलं, इथेच पेरलं. अगं, नांगरलेली जमीन आहे ही! गुराखी नव्हे, शेतकरी राहत होते!" माझा ओला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "लिहिते मी. आहे म्हणून लिहिते."

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी मात्र मी नुसत्या बादल्या धुतल्या. घरी आले. अतुलला सांगितलं तर तो म्हणाला, "तणच असेल कशावरून नाही? तज्ज्ञ त्या आहेत की तू?" मला तेच ऐकायचं होतं. मंगळवार दिवसभर मी स्वतःला तेच सांगत राहिले. संध्याकाळी फोडणीला मोहरी टाकायला डबा उघडला आणि मला तिथेच ओट्यापाशी रडू कोसळलं. तशीच ड्राइव्ह करत बाईंकडे गेले.

त्यांनी दार उघडलं ते हसतच. "बरी आलीस. ऐक." रिपोर्ट टेबलावर होता. त्यांनी चष्मा लावून मोहरीचा परिच्छेद वाचायला घेतला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मी म्हटलं, "बाई, ती माझी मोहरी आहे."

सगळं सांगितलं. पोहे, ताडपत्री, राख, कढईचं पाणी. बोलता बोलता मला माझाच इतका राग आला की मी शेवटी ओरडतच होते. बाई ओरडल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली.

"पाणी साधारण किती?"

"एक तांब्या."

"पावसाच्या आधी की नंतर?"

"आधी."

"राख तिथेच का टाकलीस? सांगितलं होतं कुणी?"

"नाही. दारात आले, आणि... तीच जागा वाटली."

बाईंची पेन्सिल थांबली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलून देतील. पण त्यांनी तेही लिहून घेतलं. मग भिंग काढलं आणि जाळीवरचा सगळा माल पुन्हा तपासायला घेतला. तासाभरानं अर्धं जिरं निघालं. बशीत ठेवून त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

"वरचा थर फेकून द्या ना, बाई. खालचा तर खरा आहे."

"पाणी झिरपलं, पाऊस झिरपला. कुठला दाणा त्यांचा आणि कुठला तुझा, आता कोण सांगणार? लाकडाचे कोळसे तर सगळे सारखेच. तिसरा खड्डा काढायची परवानगी नाही."

मग मी म्हटलं ते आज आठवलं की कान गरम होतात. "बाई, पण हे कळणार कुणाला? तुम्हीच म्हणालात, रानमोहरी. आणि खरं तर घरच आहे ते! आपल्याला माहीत आहे, घरच आहे!"

"मला कळलं ना," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी 'नाही' म्हणाले आणि लोकांनी जागा खोदून टाकल्या, कारण घारे खोटं लिहीत नाही. आता माझ्या आवडीचं आहे म्हणून खोटं लिहू?" आणि त्यांनी तो परिच्छेद उभ्या रेघेनं काटला. नुसता मोहरीचा नव्हे, दोन नंबरची सगळी पानं. रेघ मारता मारता म्हणाल्या, "मोरागला काय सांगू गं मी?"

सुनावणी एका लहानशा हॉलमध्ये होती. समितीची पाच माणसं, मालकाचा वकील, तो तज्ज्ञ, आणि पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर मोराग आजी, गळ्यात मोत्यांची माळ घालून आलेल्या. बाईंनी चुलीबद्दल सांगितलं. मग म्हणाल्या, खड्डा दोनमधला पुरावा मी मागे घेते, माझ्या साइटवर तो दूषित झाला.

"कुणाकडून?" वकिलानं विचारलं.

मी उठायला लागले. बाईंनी मागे न बघता हाताचा पंजा आडवा केला, बस म्हणून.

"माझ्याकडून. ती जागा काय आहे ते मी माझ्या माणसांना सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "एक गोष्ट नोंदवून ठेवते. पुरावा म्हणून नाही. माझ्या माणसांतल्या एका बाईला त्या घरात चूल पेटवल्यावर राख टाकायची होती. ती कधी स्कॉटलंडला गेलेली नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं ती बरोबर तिथे टाकली, जिथे आधीच्या राखेचा ढीग होता. गोठ्याच्या दारात उभं राहून असं होत नाही."

समितीतल्या एक बाई हसल्या, चांगलं हसल्या. पण हसणं वेगळं आणि मत वेगळं. तीन विरुद्ध दोन. गोठा.

मला वाटलं मोराग आजी रडतील. त्यांनी माळ सारखी केली आणि बाईंना विचारलं, "तुमची ती राखेवाली कोण?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी जमिनीत गडप व्हायच्या बेतात. आजींनी मला जवळ बोलावलं, माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "माझी आजीसुद्धा फार नीटनेटकी होती."

पाडकाम सप्टेंबरमध्ये होतं. त्याच्या आधी मालकानं एक दिवस येऊ दिलं, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. आम्ही चौघांनी मोराग आजींना बोटीनं नेलं. अतुलनं पाठ दुखते न म्हणता त्यांना उचलून दारातून आत आणलं. बाईंनी आपली गोधडी चार पदरी करून चुलीपाशी अंथरली आणि आजींना तिच्यावर भिंतीला टेकवून बसवलं. बाई स्वतः शेजारी, उघड्या जमिनीवर, त्या गुडघ्यांनिशी.

आजी एकेक दगड बघत होत्या. मग बाई मला म्हणाल्या, "पेटव."

"काय?"

"चूल. दुसरं काय पेटवणार? सगळं मोजून, काढून, लिहून झालंय. आता नियम संपले. पेटव, चहा टाक."

त्या जुन्या दगडांवर मी चूल पेटवली. दोन काड्या वाया गेल्या. धूर छप्पर नसलेल्या घरातून सरळ वर गेला. आलं घातलेला चहा आजींनी दोन कप घेतला आणि तिसरा मागितला. त्यांच्या आजीचं नाव त्यांनी आम्हाला तेव्हा सांगितलं. किर्स्टी. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

उन्हं उतरली. बोटवाला हाका मारायला लागला. मी चूल निववली, राख ताटलीत भरली आणि दारापर्यंत आले. आणि पाय अडले. ताटली हातात, पण हात काही केल्या हलेना. वळून बघितलं. आत गोधडीवर आजी, आणि शेजारी घारेबाई, वही मांडीवर, तोकड्या बाजूचे केस वाऱ्यानं उभे. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"थांब," म्हणाल्या. आधी लिहायचं, मग हात लावायचा. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली, एक ओळ लिहिली, आणि मग हनुवटीनं उजवीकडे खूण केली. "टाक. तिथेच."

मी टाकली.

त्यानंतर महिन्याभरात बाई लांब, मुलाकडे फ्रिस्कोला राहायला गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फोनवर बोलतो आम्ही. आठवतात मात्र मला त्या दारातून दिसल्या होत्या तशाच. ती वही त्यांनी जाताना मला दिली. शेवटच्या पानावर त्या दिवसाची तारीख आहे आणि खाली पेन्सिलनं एकच ओळ: 'किर्स्टीचं घर. चूल वापरात. राख दारातून उजवीकडे. माणसं पाच.'